मेसीचं नाव

वर्लीन ओहायोतल्या आमच्या गावच्या शाळेची बस चालवते. मागच्या सीटवर कोण कुणाच्या खोड्या काढतंय हे तिला आरशात न बघता कळतं. अशी ही खमकी बाई, पण दर फेब्रुवारीत तिचं अवसान गळायचं.

चर्चच्या तळघरात निवृत्त मास्तर ऑर्व्हिल तेव्हा लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद फुकट भरून देतात. घरात तुझ्यावर अवलंबून कोण, म्हणजे तेवढा कर कमी होईल, असं ते विचारायचे आणि वर्लीन म्हणायची, कुणी नाही. वास्तविक तिची भाची मेसी चार वर्षं तिच्याकडेच राहत होती. पोरीची आई डार्ला, म्हणजे वर्लीनची धाकटी बहीण, गोळ्यांच्या व्यसनातून सुटायला टेक्सासला गेली ती तिकडेच कामाला लागली. पण मेसीला आपल्या कागदावर लिहिलं, तर बहिणीची लेक हिसकावल्यासारखं होईल आणि डार्ला रागाने तिला घेऊन जाईल, ही भीती वर्लीनच्या मनात घर करून होती. पोर तिच्या ताब्यात दिल्याचा कोर्टाचा कागदही नव्हता.

यंदा ऑर्व्हिलनी मेसीला तिच्याबरोबर दुकानात पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून ती पोर कोण ते विचारलं आणि सगळं ऐकून समजावलं, की सख्खी भाची चालते, कोर्ट लागत नाही. अर्ध्या वर्षाहून जास्त पोर कुणाच्या घरी राहिली, एवढंच सरकार आधी बघतं.

"आधी तिच्या आईला विचारते," वर्लीन म्हणाली आणि जिन्यात जाऊन फोन लावला. मेसीचं नाव आपल्या कागदावर लिहू का, असं तिनं डार्लाला विचारलं.

"ताई, मी तिचं नाव कधीच लावलं नाही गं," डार्ला म्हणाली. "कुठल्या तोंडानं लावू? ती जेवते तुझ्याकडं, रुसते तुझ्यावर. मला वाटलं, तू लिहीतच असशील. माझ्या पोरीला सांभाळलंस, तुझे उपकार कसे फेडू?"

म्हणजे दोघी एकमेकींचा मान राखत बसल्या आणि पोर कुणाच्याच कागदावर नाही. वेड्याच दोघी. वर्लीन जिन्यातच बसून रडली, आणि देवाचे, बहिणीचे, ऑर्व्हिलचेही आभार मानून झाल्यावर खाली आली.

ऑर्व्हिलनी नाव लिहिलं, नात्यापुढे भाची लिहिलं.

"वर्षातले किती महिने तुझ्या घरी होती?"

"बारा," वर्लीन म्हणाली. "सगळेच्या सगळे."