न बघता दिलेलं उत्तर

सगुणा माझी धाकटी जाऊ. हातखंब्याजवळच्या आमच्या वाडीत सगळे तिला वेडी म्हणत, आणि मीही कधी कोणाला अडवलं नाही.

एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा विठू मुंबईहून ताप घेऊनच आला. दोघंही आडवी झाली. भीतीनं आम्ही आत पाय टाकत नव्हतो. उंबऱ्यावर पेज ठेवून मी पळायचे. विठू गेला, तरी ही तापाच्या गुंगीत दीड दिवस त्याच्या अंगावर पांघरूण ओढत होती.

ती वाचली. पण कोणी निजलेलं दिसलं की हिचा हात त्याच्या नाकाखाली! सासरे दुपारचे दचकून उठायचे आणि शिव्या घालायचे. बायका म्हणायला लागल्या, ही श्वास ओढून घेते. मग गुरवानं देवीला कौल लावला. आता आमच्या शहाण्यांची अक्कल बघा. हिला भूत लागलंय का, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं काय, तर विठूचं की बाहेरचं? उजवं फूल पडलं, विठूचं ठरलं. सगुणेचं अंथरूण गोठ्याच्या पडवीत गेलं.

एकवीस साली माझी लेक मैना बाळंतपणाला आली. मुलगा झाला. सगुणेनं त्याच्याजवळ यायचं नाही, असं मीच बजावलं. ती घरापुढच्या खळ्यात उभी राहून दिवसातून दहादा विचारायची, श्वास घेतोय ना? माझं डोकं फिरायचं.

अकराव्या दिवशी बाळ फारच वेळ निजलं. मैना न्हाणीत, मी चुलीपाशी. खळ्यातून पुन्हा तोच प्रश्न. मी वैतागून म्हटलं, "झोपलाय गो, झोपू दे."

"अक्का, तुम्ही बघितलंत?"

चुलीपाशीच मला आठवलं. त्या साथीत ती आतून हाका मारत होती, हे उठत का नाहीत म्हणून. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं होतं, झोपलाय, झोपू दे. आजवर हे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

मी धावत जाऊन तिला हाताला धरून आत आणलं. तिनं बाळाच्या नाकाखाली बोटं धरली.

"घेतोय," ती म्हणाली आणि घाईनं हात मागे घेऊ लागली.

"राहू दे हात," मी म्हटलं. "विठूला मी बघितलं नव्हतं गो."

"ठाऊक आहे मला," बाळावरची नजर न काढता सगुणा म्हणाली.