‘वाढवा’ म्हणजे बंद

कार्ल्याच्या मावशी आमच्यात राहतील की जातील, एवढाच प्रश्न मला त्या उन्हाळ्यात पडला होता. बाकीच्यांना नव्या साधनाची पडली होती.

छोट्या दुकानदारांना माल नोंदवता यावा म्हणून आम्ही एक सॉफ्टवेअर सांभाळतो. ते फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही, आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या राज्यांतले हौशी लोक. मी लोणावळ्यात बसून कोड लिहिते. मावशींचं जुन्या हायवेला किराणा दुकान. आधी त्या आमचं सॉफ्टवेअर नुसतं वापरायच्या, मग फोनवर मला फैलावर घ्यायला लागल्या, आणि शेवटी ‘कसं वापरायचं’ सांगणारी मराठी पानं त्यांनीच लिहून काढली.

त्याचं कारण एक बटण. संध्याकाळी ‘दुकान बंद करा’ दाबलं की दिवसाची नोंद पुरी व्हायची. मावशी ते दाबायच्याच नाहीत, सरळ लॅपटॉप मिटायच्या. नोंदी अर्धवट राहायला लागल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, “चालत्या दुकानाला बंद म्हनत्यात व्हय? वाढवा म्हनावं.” माझी आईही तेच म्हणते, आणि तरी मला सुचलं नव्हतं. आम्ही बटण बदललं. मावशींनी मग पानोपानी ‘वाढवा’ लिहिलं.

नवं साधन आलं ते रास्तच होतं, हे मी आधीच सांगते. जुन्या पानांचा पार गोंधळ झाला होता. आता प्रत्येक पान यंत्र तपासणार, आणि एका अर्थाला एकच शब्द चालणार होता. ‘वाढवा’ हा शब्द अक्षरं मोठी करायला आधीच दिलेला. शिवाय पुण्याच्या एका तरुण दुकानदाराने ‘दुकान वाढवा’ दाबलं होतं, दुसरी शाखा उघडेल म्हणून. आमच्या समन्वयकाला मराठीचा गंध नाही, पण ही तक्रार त्याला बरोब्बर समजली. मी पुष्कळ भांडले आणि हरले; बटणावर पुन्हा ‘बंद करा’ आलं.

एका दुपारी मी कार्ल्याला जाऊन मावशींना नवं साधन शिकवलं. त्या भराभर शिकल्या. मग त्यांनी आपलं पहिलं पान तपासायला टाकलं, आणि ‘वाढवा’ जिथे जिथे होतं तिथे लाल रेघ आली.

“हितं काय चुकलं?”

मी सांगितलं. त्यांनी एका ठिकाणी ‘बंद’ लिहिलं, वाचलं आणि पुसलं.

“मालक गेले तवा माझ्या हातातल्या बांगड्या वाढवल्या,” त्या म्हणाल्या. “समद्या बाया वाढवल्याच म्हनल्या. फोडल्या असं कुनी म्हनलं न्हाई. तेवढ्यावर मी उभी ऱ्हायले.”

मला रडू आलं. गिऱ्हाईक आलं म्हणून त्या उठल्या, साबण दिला, आणि परत येऊन बसल्या ते लॅपटॉपकडे न बघता.

त्यानंतर चार दिवसांनी प्रकल्पाच्या गटावर त्यांचा निरोप आला : “आता माझं काम वाढवा.” मला लगेच कळलं. समन्वयकाने मात्र निरोपाचं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं आणि तो हरखून गेला. मराठीची सगळी पानं त्याने मावशींच्या हवाली केली, संकेतस्थळावर त्यांचं नाव सगळ्यांत वर घातलं. खाली अभिनंदनांची रीघ लागली.

मी तशीच कार्ल्याला गेले. मावशींना भरभर अभिनंदनं येत होती आणि त्यांना कारण कळत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या आधी हसल्या, तोंडाला पदर लावून, चांगल्या हसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी जायचं म्हनलं तरी तुमच्याकडं त्याला शब्द न्हाई.”

“राहा ना मावशी. मी करते दुरुस्त्या, तुम्ही नुसतं लिहा.”

“तू वाईट वाटून घिऊ नको. तू लय केलंस. पर मला न्हाई जमायचं.”

त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी तिथेच बाकड्यावर बसून समन्वयकाला इंग्रजीत कळवलं की त्यांना जायचंय. एक वाक्य पुरलं. त्याने वाईट वाटल्याचं लिहिलं आणि साधन अवघड गेलं का, असं विचारलं. मी ‘हो’ लिहिलं, आणि माझा चहा पिऊन होण्याआधी संकेतस्थळावरून त्यांचं नाव उतरलेलं होतं.