चवकाकांचा गुडघा

चवकाका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चव पाहतात. एकोणीस वर्षं. अकराला ते पहिला घास घेतात, वहीत ‘उत्तम’ लिहितात, मगच दोनशे माणसं जेवतात.

गेल्या महिन्यात त्यांचं पोट बिघडलं. चव पाहणाऱ्याचं पोट! कळलं असतं तर चमचा हातून गेला असता. त्यांनी मला रजेचा अर्ज लिहायला लावला : उजवा गुडघा सुजला आहे. मी साहित्याचा पदवीधर. नुसत्या सुजेवर चार ओळी लिहिल्या.

तीन आठवड्यांनी उजवा गुडघा पपईएवढा सुजला.

“इतकं मन लावून कशाला लिहायचं रे?” काका कळवळले.



डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. त्यात जंतू नव्हते.

“मध्यंतरी जुलाब झाले होते?”

“बाई, दुखतंय कुठे, विचारताय कुठे!”

“खरं सांगा. नाहीतर मी भलतेच उपचार करत बसेन.”

“सांगताय की मी सांगू?” काकू म्हणाल्या. “फेऱ्या मोजल्यात मी.”

काकांनी मान खाली घातली. “दोन दिवस. कॅन्टीनची अंडी कच्ची राहिली होती.”

“जंतू पोटात आले नि गेलेसुद्धा. तुमच्या शरीराला ते कळलेलं नाही. ते अजून लढतंय. गुडघ्यात.”

“शत्रू नसताना?”

“हो. काही महिने चालेल. बहुतेकांचं बरं होतं. पण कॅन्टीनमध्ये सांगा, बाकीच्यांनाही त्रास झाला असेल.”

दुसऱ्या दिवशी अकराला काका काठी टेकत उभे राहिले. सगळं सांगून टाकलं.

 मग फोरमन खाकरला. “मलाही झाले होते. मी अर्जात मेव्हण्याचं लग्न लिहिलं.”

“मी सासूबाईंना पाडलं. जिन्यावरून,” पॅकिंगमधल्या ताई म्हणाल्या.

चाळीस हात वर झाले. काकांची अब्रू जाऊ नये म्हणून प्रत्येकाने एकेक नातेवाईक खर्ची घातला होता.

मॅनेजरने चमचा काढून घेतला. अन्न नीट शिजलंय का ते पाहायला थर्मामीटर आणला. आचाऱ्याने तो सूपमध्ये बुडवून आकडा ओरडून सांगितला. कोणी ताटाला हात लावला नाही. सगळे काकांकडे बघत बसले.

“मी नुसता जेवायला आलोय,” काका म्हणाले.

कोणी हललं नाही. सूप निवायला लागलं. मॅनेजरने छताकडे पाहिलं.

शेवटी काका लंगडत गेले. एक घोट घेतला.

“मीठ कमी आहे.”

दोनशे माणसं जेवायला लागली.