सोनेरी दातांवरचं कुंकू

आमच्या घरात माझ्या कॉम्प्युटरला डबडं म्हणतात. मुलगा म्हणतो, सून म्हणते, आणि ज्याच्या दुकानातून तो घेतला तो दुकानदारसुद्धा आता डबडंच म्हणतो. मी म्हणत नाही. बालाघाटातल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, त्याच्यापुढे बसून मी किती लग्नपत्रिका तयार केल्या याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. हट्ट्याकडची, लालबर्ऱ्याकडची, सरहद्दीवरच्या गावांतली मराठी माणसं मुलामुलींची लग्नं ठरली की माझ्याकडे येतात. त्यांचे निम्मे पाहुणे गोंदिया, भंडारा, नागपूरकडचे असतात आणि इथल्या छापखान्यांत सगळा कारभार हिंदीत. मी मजकूर मराठीत बसवते, वर गणपती, खाली ‘आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं’, आणि छापखान्याकडे पाठवून देते. लग्नाआधी टायपिंगच्या क्लासात बोटं झिजवली होती, ती अशी कामाला आली.

पण मशीन थकलं होतं, हे मीही नाकारत नाही. सकाळी बटन दाबायचं आणि कुकर लावायला आत जायचं. भात होऊन यायचा, वाफ जिरायची, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर हट्ट्याकडचं एक जोडपं मुलीची पत्रिका करायला आलं. सगळा मजकूर टाइप झाला, मुलीच्या मामाचं नाव घालायला घेतलं आणि पडदा गोठला. बंद केलं, चालू केलं, परत तेच. मुलीची आई आधी पंख्याकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, मग बाहेर रस्त्याकडे.

"राहू द्या काकू," ती म्हणाली, "बसचा टाइम होऊन राह्यला. छापखान्यात हिंदीतच करून घेतो आमी."

चहा अर्धा ठेवून दोघं गेली. मला रडू नाही आलं, राग आला. मशीनचा नव्हे. माझ्या घरातले सगळे ज्या घडीची वाट बघत बसले होते, ती घडी त्यांना आयती मिळाली म्हणून राग आला.

मुलगा नागपूरला नोकरी करतो. स्वभावाने चांगला आहे, आईची काळजी करणारा आहे, आणि माझी अडचण नेमकी तीच. त्याच्या लेखी माझं काम म्हणजे एक दुखणं, आणि दुखणं आहे तर ते बरं केलं पाहिजे. फोनवर म्हणाला, "आई, थे भंगारमधे देऊन टाक. मी तुले लॅपटॉप घेऊन देतो. मस्त भजनं पाहा, रेसिपी पाहा. आता आराम कर ना वो."

भजनं पाहा! मी ज्या प्रोग्रॅमवर पत्रिका बसवते तो बनवणाऱ्यांनी तो कधीच बंद केला. नव्या लॅपटॉपवर तो चालत नाही, आणि माझ्या बोटांना तोच येतो. मुलाला हे ठाऊक होतं. त्याने तर समोरच्या खोलीसाठी एक मोबाइलवाला भाडेकरूही बघून ठेवला होता. "दिवाळीले येतो तवा पक्कं करून टाकू," म्हणाला. म्हणजे माझ्या हातात दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

यावर नवऱ्याचं म्हणणं काय, हे कोणालाच कळायला मार्ग नव्हता. ते इथल्या मॅंगनीजच्या खाणीत ड्रिल मशीन चालवून रिटायर झाले. त्या मशीनने त्यांचे कान खाल्ले. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर. मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, बरोबर आहे ना?" तर म्हणाले, "हौ." फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मी मशीन ठेवू ना?" तर त्यालाही, "हौ." असा माणूस आपल्या बाजूचा धरावा की मुलाच्या? मी मुलाच्या बाजूचा धरला आणि दोन्ही वेळची भाजी जरा तिखटच केली.

खाणीतून त्यांनी घरी आणलेली शिकवण एकच. मुलगा लहानपणी पंख्याच्या जाळीत नाहीतर माझ्या शिलाई मशीनच्या चाकात बोट घालायला जायचा, तेव्हा ते खाटेवरून ओरडायचे, "चालत्या मशीनले हात लावाचा नसते!" मुलगा जागच्या जागी थिजायचा. बाकी त्यांनी पोराला कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी आधी, कॉम्प्युटर जिथून घेतला त्या दुकानात गेले. दुकानदाराने कॉम्प्युटरचं नाव ऐकूनच हात झटकले. "आंटी, उसमें अब कुछ नहीं हो सकता. नया ले लो."

"तुम्हारे पिताजी को मोतियाबिंद हुआ था," मी म्हटलं, "तो ऑपरेशन करवाया था कि नए पिताजी ले आए थे?"

तो हसला, शेजारच्या दुकानदाराला हाक मारून त्यालाही ऐकवलं, पण काम काही केलं नाही. ठीक आहे, म्हटलं, तू नाही तर मी. मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, जेवताना. त्यातून एवढं कळलं की माझं मशीन मेलेलं नाही, फक्त त्याला दम लागतो आहे. आतली फिरणारी जुनी डिस्क काढून तिथे नवी एसएसडी बसवायची, जुन्या डिस्कमधलं सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवायचं, आणि रॅम वाढवायची. रॅम म्हणजे हाताच्या पंजाएवढी एक पट्टी, खालच्या काठाला सोनेरी दात असलेली. ते दात खाचेत बसले की झालं. यात काय एवढं मोठं!

अंगणात सतरंजी घालून मी डबा उघडला. रस्त्यापलीकडे राइस मिल आहे. तिथला भुसा इतकी वर्षं पंख्यात जाऊन बसला होता, त्याचा गादीसारखा थर झालेला. एका कोपऱ्यात पालीची अंडी. रंगाच्या ब्रशने मी सगळं झाडून काढलं. मध्येच मुलाचा व्हिडिओ कॉल आला. हातात स्क्रू काढायचा पेचकस आणि मांडीवर उघडा कॉम्प्युटर बघून तो किंचाळलाच, "आई! हे काय करून राह्यली तू? शॉक लागन ना!"

"वायर काढून ठेवली आहे," मी म्हटलं आणि कॉल बंद केला.

रॅमसाठी गाडीने गोंदियाला गेले. शिंप्याकडे मापाचं ब्लाउज नेतात तशी जुनी पट्टी रुमालात गुंडाळून नेली. तिथल्या दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली, खालच्या खणात हात घालून बरंच काही उपसलं आणि तशाच दोन पट्ट्या काढून दिल्या. "जुन्या आहेत काकू, पन चांगल्या आहेत," म्हणाला. जुनं आणि चांगलं हे एका वाक्यात म्हणणारा माणूस मला कितीतरी दिवसांनी भेटला. एसएसडीही त्याच्याकडूनच घेतली.

घरी येऊन जुनी पट्टी तात्पुरती परत लावली आणि डिस्क उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्यात अख्खी दुपार गेली. मध्ये लाइट गेली तर सगळं वाया, म्हणून मी नवऱ्याला खुणेने बजावलं की आज पाण्याची मोटर लावायची नाही, फ्यूज उडेल. ते म्हणाले, "हौ." मग गुपचूप बादली घेऊन हँडपंपावर गेले. मला त्याचं काही वाटलं नाही, माझे डोळे पडद्यावर होते.

एसएसडी जागेवर बसली. मुलगा येण्याच्या आदल्या दिवशी नव्या पट्ट्या बसवायच्या होत्या. टेबलावर कागद पसरून त्या मांडून ठेवल्या, कोणी हात लावायचा नाही असं मोठ्याने सांगितलं आणि चकल्या तळायला आत गेले. घाणा संपवून आले, हात पुसले, घाईघाईत दोन्ही पट्ट्या कडेने धरून खाचांत दाबल्या. कट् असा आवाजही आला. वायर लावली, बटन दाबलं. पंखा फिरला. आणि मग आतून लांबलचक पीं... जरा थांबून परत पीं... पडद्यावर काळोख.

आमचे हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मी बंद करून परत चालू केलं. पीं. गोंदियावाल्याने फसवलं, हे पहिल्यांदा मनात आलं. दुसऱ्यांदा आलं ते असं, की बाई, तूच चुकलीस, सगळे सांगत होते ते खरं होतं. मला भीती वाटली. मशीनची नाही. उद्यापासून या खोलीला दुसऱ्याचं शटर लागेल आणि मी आतल्या खोलीत भजनं पाहत बसेन, कोणी पत्ता विचारत माझ्याकडे येणार नाही, याची भीती.

चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तो आणला, पट्टी उपसली आणि उलटी करून पाहिली. मागच्या बाजूने सोनेरी दात लालभडक. ओलं कुंकू, दोन दातांच्या फटीत दाबून बसलेलं, आणि वर चिकटलेला तांदळाचा तुटका दाणा. दुसऱ्या पट्टीचंही तेच.

"अवो!" मी अशी ओरडले की त्यांनाही ऐकू गेलं. पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली. "हे कोनं केलं?"

"मीच लावलो," ते म्हणाले.

"काहून?"

"नवीन मशीन कुंकू लावल्याबिगर कोनी चालू करते का?" त्यांनाच माझं नवल वाटत होतं. "खदानीत आमी ड्रिलच्या दातालेच लावत होतो. जे काम करते त्याले लावाव. वरच्या डब्ब्याले लावून काय फायदा? तू वरडशीन म्हनून तुले सांगतलो नाही."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. एवढ्या माणसांत हे एकच असे निघाले की ज्यांनी माझं मशीन बंद पाडलं, आणि तेही ते चालावं म्हणून. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "तुमाले तर थे भंगारात जावं असं वाटते ना? पोराले हौ म्हनता."

"मले काही ऐकू येते का? मी सगळ्याइलेच हौ म्हनतो." त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "माही मशीन सुटली तवा मी कसा झालतो, तू पाह्यली ना. दिवसभर खाटेवर पडून राहत होतो. तुही मशीन नाही सुटू देत."

मी उठले. मुलाच्या जुन्या कंपासपेटीतलं खोडरबर शोधलं आणि एकेक दात घासून काढला. कोरड्या टूथब्रशने खाचा साफ केल्या. पट्ट्या बसवल्या. ते शेजारी उभे होते, मी त्यांना कुंकवाची कुयरी आणायला लावली आणि डब्याच्या बाहेर, बटनाच्या वर, त्यांच्या हातून कुंकू लावून घेतलं. डब्यालाही त्याचा मान असू द्यावा. मग बटन दाबलं.

कुकर लावायला जाण्याइतका वेळसुद्धा मिळाला नाही. पडदा उजळला, प्रोग्रॅम उघडला, पत्रिका समोर. मामाच्या नावापाशी थांबलेली.

मी लगेच हट्ट्याकडच्या त्या बाईला फोन लावला. "हिंदीत छापली का?"

"नाही जी काकू," ती म्हणाली, "पोरीचा मामा रुसून बसला. म्हने, मले वाचता नाही येत थे पत्रिका मले पाठवू नका."

"मग उद्या या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं समोर बसली होती तेव्हाच मुलगा आला. हातात लॅपटॉपचं खोकं, आणि मागे टेप घेऊन मोबाइलवाला. मुलगा माझ्या पाया पडला, पाहुण्यांना नमस्कार केला, मग हळूच म्हणाला, "आई, यायले खोलीचं माप घेऊ दे. टेबल जरा सरकवतो. दोन मिनिट बंद कर." मी टाइप करत राहिले. तो वाकला आणि त्याने प्लगकडे हात नेला.

नवऱ्याला त्याचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. पण हात दिसला. बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तशा खणखणीत आवाजात ते खुर्चीतून म्हणाले, "चालत्या मशीनले हात लावाचा नसते!"

एवढा मोठा बाप्या, नागपूरला लोक त्याला सर म्हणतात. पण त्याचा हात आपसूक मागे गेला आणि तो तसाच वाकलेला थिजून राहिला. मोबाइलवाल्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळून खिशात घातला. लॅपटॉप परत गेला नाही, त्यावर आता आमचे हे भजनं पाहतात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. मी मात्र तेव्हा वळूनसुद्धा पाहिलं नाही. मुलीच्या मामाचं नाव अर्धं झालं होतं, ते पूर्ण केलं.