मधली भिंत

आमचं घर म्हणजे अर्धं घर. महाडच्या कडेला एका छपराखाली दोन-दोन बिऱ्हाडं बसवलेल्या जुन्या वसाहतीतलं. दोन्ही घरांत भिंत एकच, म्हणजे खर्च कमी. विलायतेतल्या जुन्या जोडघरांची ही स्वस्तातली नक्कल, असं आमचे हे येईल त्याला कौतुकानं सांगायचे. ह्यांनी उभी हयात बांधकाम खात्यात काढली, पण स्वतःच्या छताच्या फळ्या उचकटून वर काय आहे ते काही कधी बघितलं नाही!

पलीकडच्या अर्ध्यात काकी एकट्या राहतात. मूळच्या उमरठच्या, मुलगे मुंबईला. त्यांच्याकडून कधी हूं की चूं ऐकू आलं नाही.

गेल्या महिन्यात कौलं फुटली म्हणून नाते गावाहून सुतार बोलावला. वर चढला आणि तिथूनच ओरडला, "बाई, भिंत वरपर्यंत आलीच नाय! काकींकडं छतबित काय नाय. खाली तांदूळ निवडत बसल्यात, दिसतात ना मला."

माझ्या हातातलं ताट खाली पडायचं बाकी होतं. बांधणाऱ्यानं विटा वाचवायला भिंत आमच्या छताच्या फळ्यांपर्यंतच नेऊन सोडली होती! आमच्या फळ्यांवरून सगळा आवाज थेट पलीकडे. अगं बाई! बावीस वर्षं!

आणि बोललो काय होतो आम्ही? रोज जेवताना तोच विषय. म्हातारीनंतर मुलगे घर विकतील, आपण घेऊ, मधली भिंत पाडू, केवढं ऐसपैस होईल! कुठे ओटा, कुठे खिडकी, सगळं ठरलेलं. मागे काकींना ताप आला तेव्हा हे म्हणाले, "आता फार दिवस नाहीत." आणि मी, मेलीनं, खिडकीच्या पडद्यांचा रंग सांगितला.

सुताराला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फळ्या ठोक आणि भिंत वरपर्यंत ने. हे तर पांढरेफटक.

तशीच पलीकडे गेले. काकी सूप घेऊन बसलेल्या.

"काकी, आमचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की. पहिल्या दिवसापास्नं."

"सगळं?"

"सगळं गो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"पोरांना मी सांगून ठेवलंय, घर विकाल तर शेजारच्यांनाच द्या. त्यांचं सगळं ठरलेलं हाय."

काकींनी वर बघितलं. सुतार तिथे माप घेत होता.

"फक्त मी हाय तोवर ती भिंत वर नेऊ नको गो," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवायला बसलात की मी पण ताट वाढून घेते."