लक्ष्मीच्या पाठीमागचं पत्र

भागाबाईंच्या देवघरातली लक्ष्मी पोस्टकार्डावरची होती. कमळात उभी, गुलाबी लुगड्यातली, कडेनं सोनेरी रेघ. रोजच्या कुंकवानं पायांचा रंग पार झिजलेला. भागाबाई अकरा महिन्यांच्या असताना वडिलांनी ते कार्ड खरगपूरहून तुमसरला धाडलं होतं. वडील धोंडबा रेल्वेत खलाशी. पुढच्या दोन महिन्यांत ते तिकडंच तापानं गेले. कार्ड फाटू नये म्हणून आईनं ते खळीनं फळीवर चिकटवलं आणि देवात ठेवलं. देवी वर राहिली, मजकूर खाली गेला.

"त्यात तुयं नाव हाय," आई म्हणायची. त्यापुढं कधी काही बोलली नाही.

आईही गेली. भागाबाई नवऱ्यासोबत, आनंदरावांसोबत, भिलाईला आल्या. कॅम्प-एकच्या पत्र्याच्या घरात संसार मांडला, कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहताना पाहिल्या. धाकट्या लेकीच्या पाटीवर अक्षरं गिरवत त्रेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकल्या. आणि तेव्हापासून फूल वाहताना हात थबकायला लागला. आईनं खरं सांगितलं होतं, की बापाविना वाढणाऱ्या पोरीचं मन राखलं होतं?

सुट्टीच्या दुपारी त्यांच्या ओसरीत मेंढीकोटाचा डाव बसे. शेजारचे दौलतराव कारखान्यात रिगर होते, जड यंत्रं दोरांनी उचलणारे, आणि पत्त्यांचे वैद्य. हाताच्या घामानं पत्ता फुगला की ते त्याला किटलीची वाफ देत, पदर सुटे करत आणि नव्या खळीनं पुन्हा जोडत. एकच कॅट चार वर्षं चालवला होता. एका रविवारी चौकटची दश्शी अशी अलगद सुटताना भागाबाईंनी पाहिली.

"भाऊजी, फळीले लागलेलं निघंल का?"

आनंदराव पत्ते पिसत म्हणाले, "आता देवाले बी सोलता का?"

"तुमची एक मेंढी गेली तं तुमी दोन दिवस बोलत नाही. माया बापाचं पत्र झाकून पंचेचाळीस वर्सं झाली."

दौलतरावांनी फळी उन्हात धरून पाहिली. "निघंल, वहिनी. पण देवीचा चेहरा राहीन का, मी नाही सांगू शकत. पत्ता गेला तं नवा आणता येते."

आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. चेहरा गेला तर उद्या हात जोडायचे कोणापुढं? शेवटी मूर्ती दुरुस्तीला काढताना करतात तसं त्यांनी केलं. वाटीत तांदूळ, तांदळावर सुपारी. "माय, थोडा वेळ इथं बस," असं म्हणून फळी उचलली.

डाव थांबला. किटली वाफाळली. दौलतराव सुरीचं पातं सरकवत होते, एकेक दाणाभर. सोनेरी रेघ फळीलाच राहिली, देवीचा एक हातही राहिला. चेहरा मात्र सुटून आला.

भागाबाईंनी कार्ड उलटं केलं. शाई चहासारखी झाली होती. डाव्या अर्ध्यात बोट ठेवून त्या वाचू लागल्या. "सुखरूप पोचलो. माझा पत्त्यांचा कॅट पेटीत राहिला. कोणासंगं धाडणे. इथं संध्याकाळी करमत नाही."

बस्स. त्यांनी पुन्हा वाचलं. भागी नाही, पोरगी नाही.

"तुया बाप बी आमच्यातलाच निंगाला," आनंदराव हळूच बोलले.

"वहिनी, पत्ता वाचला का?" दौलतरावांनी उजवीकडं बोट दाखवलं.

तिथं अक्षर मोठं होतं, एकेक सावकाश काढलेलं. "चि. भागीरथी धोंडबा हिचे आईस, मुक्काम तुमसर."

बायकोचं नाव नवरा घेत नसे, मग पोस्टात कुठून लिहिणार? अकरा महिन्यांच्या पोरीच्या नावावर कार्ड घरी आलं होतं. आईनं सांगितलं ते तेवढंच होतं. वर एक शब्द तिनं जोडला नव्हता.

भागाबाईंनी पदरानं डोळे पुसले. कार्ड वाळवून देवात ठेवलं, या वेळी नुसतं टेकवून. सुपारीही शेजारी राहू दिली.

मग ओसरीत पुन्हा बसलेल्या डावापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, हा कॅट जुना झाला की मले द्या."

"तुमाले कायले?"

"पितरांच्या दिवशी बाबाच्या पानाजवळ ठेवीन. धाडाचा राहिला हाय."

दौलतरावांनी हातातली पानं खाली ठेवली, सगळ्यांची गोळा केली, बावन्न मोजली आणि कॅट त्यांच्या ओंजळीत दिला. त्या दिवशी डाव अर्धाच राहिला.