उमरनं पालथं घातलेलं रान

कोल्हापुरात उद्यमनगरात उमर मुजावर गाड्यांच्या सीटा शिवतो. दिवसभर रेक्झिन कापायचं, मशीनवर बसायचं आणि दुपारी दुकानातच डबा खायचा. रानावनाशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. ते वेड होतं त्याच्या धाकट्या भावाचं, कामिलचं. वडील लवकर गेले, म्हणून उमरनंच त्याला वाढवलं होतं. कामिल मोबाईलच्या दुकानात कामाला होता. सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढायचा आणि सुटायचा. राधानगरी, दाजीपूर, चांदोली, खाली आंबोलीपर्यंत. परत यायचा तेव्हा पाय जळवांनी फोडलेले असायचे आणि तोंड मात्र हसरं. उमर रागवायचा, तेव्हा त्यांची आई चाँदबी मधे पडायची.

पावसाळा संपत आला असताना एका रविवारी कामिल गगनबावड्याकडं गेला, तो परत आला नाही. कोकणात उतरणारी एक जुनी पायवाट बघायचीय, असं तो मित्राला म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, उघड्या कातळात, त्याची मोटारसायकल सापडली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

पोलीस आले, वनखात्याची माणसं आली, दोर घेऊन डोंगर चढणारी पोरं आली. धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. दरडी सुटत होत्या. खाली उतरणाऱ्यांच्याच जिवावर बेतायला लागलं, तेव्हा शोध थांबला. हवालदारानं उमरला घरी जायला सांगितलं. तो गेला नाही.

कड्याच्या अलीकडं धनगरवाडा होता. तिथं ठकूबाई कोकरे आणि तिचा नवरा बिरू यांनी त्याला पडवीत जागा दिली. उजाडलं की उमर रानात शिरायचा. शहरातल्या चपला घालून तो कारवीच्या दाट झुडपांत घुसायचा, घसरायचा, उठायचा आणि कामिलच्या नावानं हाका मारायचा. पुढं पुढं त्याचा घसा बसला, हाक बाहेर पडेना. मग तो दगडावर दगड आपटत फिरायचा, भावाला ऐकू जाईल म्हणून. एकदा गव्यांचा कळप समोर आला तरी तो हलला नाही. बिरूनं त्याला ओढून मागं घेतलं.

दोर नसताना एक दिवस तो एकटाच घळीत उतरला. खाली काहीतरी निळं दिसलं होतं. ते प्लास्टिक निघालं. वर यायला वाट नव्हती, खाली कडा तुटलेला. वीतभर जागेवर पाठ टेकून तो तसाच उभा राहिला. ऊन पडलं, धुकं विरलं आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा सारं कोकण पायाखाली दिसलं, पार क्षितिजावर समुद्राची चकाकी. त्या क्षणी त्याला उडी मारावीशी वाटली. हे त्यानं नंतर फक्त ठकूबाईला सांगितलं.

तो परतला नाही म्हणून शोधत आलेल्या बिरूनं माणसं जमवून त्याला वर काढलं. ठकूबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि म्हणाली, "तुमची आय एका पोराची वाट बघतीया. तिला दोघांची बघाय लावू नका."

तो घरी आला, पण दर रविवारी जातच राहिला. अशातच कुणीतरी सांगितलं, की असा एक पोरगा खाली कोकणात दिसलाय, डोक्यावर मार बसलाय, नाव आठवत नाही त्याला. उमर फोटो घेऊन खाडीकाठच्या गावांतनं हिंडला, बंदरावरच्या मच्छीवाल्यांना, दर्ग्यांतल्या मुजावरांना विचारत. चाँदबीनं एक ताट जास्त मांडायला सुरुवात केली. तो पोरगा निघाला दुसऱ्याच घरचा.

उन्हाळ्यात ओढे आटले. मध काढायला गेलेल्या माणसांना कड्याच्या तळाशी, कोरड्या पात्रात, हाडं दिसली. जवळ एक पिशवी होती. तिचा पट्टा सीटा शिवायच्या जाड दोऱ्यानं शिवलेला होता. उमरनं तो टाका ओळखला, कारण तो त्यानंच घातला होता. पुढच्या तपासण्या झाल्या, पण त्याला त्यांची गरज नव्हती.

दफन झाल्यावर चाँदबीनं एकच मागितलं. तिला ती जागा बघायची होती. उमर तिला सड्यावर घेऊन गेला, वाड्यावरनं ठकूबाईही सोबत आली. ती बराच वेळ खाली बघत बसली आणि तिनं विचारलं, "काय बघायला येत हुतं रं माझं पोरगं?"

उमर सांगायला लागला. ती कारवी, काही वर्षांनी एकदाच फुलणारी. तो धनेश, उडताना पंखांचा केवढा आवाज होतो त्याच्या. तिकडं समुद्र, हवा स्वच्छ असली की दिसणारा. भाऊ सापडेना म्हणून महिनोन्‌महिने तुडवलेल्या रानातलं सगळं त्याला पाठ झालं होतं, हे बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं.

"मला खाली घेऊन चल," चाँदबी म्हणाली.

तो म्हणाला, वाट नाही, अम्मा.

"तू उतरलास की. मग मला का न्हाई?"

त्यानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. ती सोडवून घ्यायला झटत राहिली. शेवटी ठकूबाईनं तिला मिठी मारली आणि दोघांनी मिळून तिला गाडीपर्यंत चालवत आणलं.

अजून ती रविवारी सकाळी कड्याकडं जायला चप्पल घालून दारात बसते. उमर म्हणतो, आज काम हाय, आणि दुकान उघडतो. रविवारी उद्यमनगर बंद असतं.